स्टेनलेस स्टीलच्या पाइप फिटिंगचे वेल्डिंग करताना घ्यायची काळजी

कोल्हापूर हे मुळात बिडाच्या कामाचे गाव आहे. शिवाजी उद्यमनगरातील जुन्या शेडपासून शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगलेच्या पंचतारांकित वसाहतीपर्यंत कुठेही जा, फाउंड्री, मशीन शॉप आणि ग्राइंडिंग शेजारीशेजारी चाललेले दिसते. त्याच गावात साखर कारखाने, डिस्टिलऱ्या, दूध प्रक्रिया केंद्रे आणि इचलकरंजीकडील कापड रंगवणारी प्रोसेस हाउस यांना स्टेनलेस स्टीलच्या पाइपलाइन लागतात आणि त्या बहुधा याच शेडमधून तयार होऊन जातात. त्यामुळे आयुष्यभर एमएसचे (माइल्ड स्टील, म्हणजे साधे पोलाद) वेल्डिंग केलेला वेल्डर एक दिवस स्टेनलेसचा एल्बो (पाइपचे वळण) हातात घेतो आणि सवयीप्रमाणे कामाला लागतो. जॉइंट बाहेरून चांगला दिसतो, पाण्याच्या चाचणीत गळत नाही, बिल निघते, आणि काही महिन्यांनी त्याच जॉइंटच्या दोन्ही बाजूंना तपकिरी पट्टा उमटतो किंवा सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून थेंब पडू लागतो.

असे का होते हे समजले, की पुढची बहुतेक काळजी आपोआप सुचते. स्टेनलेस स्टील गंजत नाही, कारण त्यातील क्रोमियम हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा अदृश्य थर तयार करते. त्यासाठी स्टीलमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असावे लागते. ३०४ या प्रचलित ग्रेडमध्ये ते १८ ते २० टक्के असते. वेल्डिंगच्या उष्णतेने हा थर बिघडतो, त्याच्या खालच्या धातूतील क्रोमियम कमी होते, आणि बाहेरून आलेला लोखंडाचा कण त्यावर बसला तर तिथून गंजाला सुरुवात होते. म्हणजे जॉइंट मजबूत होणे हे निम्मेच काम असून, जॉइंटच्या जागी तो थर पुन्हा जसाच्या तसा उभा राहील अशी व्यवस्था करणे हे उरलेले निम्मे काम आहे. या दुसऱ्या निम्म्या कामाकडे आपल्याकडे दुर्लक्ष होते, आणि ते जास्त करून पाइपच्या आतल्या बाजूला होते, कारण ती बाजू कोणी पाहत नाही.

माल ओळखून घेणे

फिटिंग हातात आल्यावर पहिला प्रश्न ग्रेडचा असतो. बाजारात ‘एसएस’ या एकाच नावाखाली ३०४, ३०४ एल, ३१६, ३१६ एल आणि निकेल कमी व मँगनीज जास्त असलेला दोनशेच्या मालिकेतील माल विकला जातो. शेवटचा प्रकार नवा असताना तितकाच चकचकीत दिसतो, पण दूध, आम्ल किंवा मिठाचे पाणी वाहणाऱ्या लाइनवर तो टिकत नाही. चुंबक लावून ग्रेड ठरवण्याची पद्धत सर्वत्र आहे, मात्र तिच्यावर विसंबून राहू नये. दोनशेच्या मालिकेतील माल ३०४ प्रमाणेच चुंबकाला दाद देत नाही, आणि उलट अस्सल ३०४ चा एल्बो थंड अवस्थेत वाकवलेला असेल किंवा व्हॉल्व्हची बॉडी ओतीव असेल, तर तिथे चुंबक थोडेसे ओढले जाते. म्हणून मालासोबत हीट नंबर (धातूच्या एका ओतणीचा क्रमांक) असलेले टेस्ट सर्टिफिकेट घ्यावे, तो नंबर फिटिंगवर कोरलेल्या किंवा छापलेल्या नंबराशी ताडून पाहावा, आणि काम महत्त्वाचे असेल तर धातूची घटकद्रव्ये तपासणाऱ्या हातातील यंत्राने खात्री करून घ्यावी. रासायनिक थेंब टाकून मॉलिब्डेनम आहे की नाही एवढे पाहणारे किटही मिळते आणि ३०४ व ३१६ वेगळे करण्यास ते पुरेसे असते, कारण ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते आणि ३०४ मध्ये ते घातलेले नसते.

ग्रेडच्या पुढे लागणाऱ्या ‘एल’ या अक्षराला वेल्डिंगमध्ये फार महत्त्व आहे. साध्या ३०४ मध्ये कार्बन ०.०८ टक्क्यांपर्यंत चालतो, तर ३०४ एल मध्ये तो साधारण ०.०३ टक्क्यांच्या आसपास रोखलेला असतो. स्टील साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या टप्प्यात जास्त वेळ राहिले, तर कार्बन आणि क्रोमियम एकत्र येऊन कणांच्या सीमांवर कार्बाइड तयार होते आणि त्या सीमांलगतचे क्रोमियम संपते. मग गंज धातूच्या आत, कणाकणांच्या फटीतून शिरतो. जाड भिंतीच्या पाइपला अनेक रन (वेल्डचे एकावर एक थर) लागतात आणि प्रत्येक रनच्या वेळी जॉइंटलगतचा भाग या टप्प्यातून जातो, म्हणून वेल्डिंग करायचे असल्यास ‘एल’ ग्रेडच मागवावा. दरातला फरक जॉइंट कापून नवा करण्याच्या खर्चापुढे किरकोळ असतो.

फिलर वायर (जॉइंटमध्ये वितळवून भरायची तार) मूळ धातूला जुळणारी असावी: ३०४ आणि ३०४ एल साठी ३०८ एल, ३१६ एल साठी ३१६ एल, आणि स्टेनलेस पाइप एमएसच्या फ्लँजला किंवा जुन्या एमएस लाइनला जोडायचा असेल तर ३०९ एल. शेवटच्या ठिकाणी ३०८ एल वापरली, तर एमएस मिसळून वेल्डमधील क्रोमियम आणि निकेल इतके पातळ होते, की जॉइंट ठिसूळ होऊन तडकू शकतो. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पाइपला स्टेनलेस थेट वेल्ड करणे शक्यतो टाळावे. वितळलेले जस्त स्टेनलेसच्या कणसीमांत शिरून भेगा पाडते, शिवाय जस्ताच्या धुराने वेल्डरला रात्री थंडीताप भरतो तो वेगळाच. अशा ठिकाणी थ्रेडचा किंवा फ्लँजचा जॉइंट देणे शहाणपणाचे.

लोखंडाला दूर ठेवणे

आमच्या भागात ही काळजी सर्वांत कठीण आणि म्हणूनच सर्वांत महत्त्वाची आहे. ज्या शेडमध्ये सकाळी बिडाच्या कास्टिंगचे फेटलिंग (ओतलेल्या मालाची घासून सफाई) झाले आहे, तिथल्या टेबलावर, हातमोज्यांवर, क्रेनच्या साखळीवर आणि हवेतसुद्धा लोखंडाची बारीक धूळ असते. अशा टेबलावर ३१६ एल चा पाइप सरकवला, की ती धूळ त्यात रुतते. त्या क्षणी काहीच दिसत नाही. पण जूनचा पहिला पाऊस झाला, की अंगणात रचून ठेवलेल्या पाइपांवर बाजरीच्या दाण्याएवढे नारिंगी ठिपके उठतात. बोटाने पुसले तर ते पसरतात, आणि खाली भिंगातून पाहिले तर प्रत्येक ठिपक्याच्या मध्ये एक काळा कण रुतलेला सापडतो. ग्राहकाला माल खोटा वाटतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

यावर उपाय साधे आहेत, पण ते सवडीने पाळून चालत नाहीत. स्टेनलेससाठी शेडचा एक कोपरा पडदा किंवा पत्रा लावून वेगळा करावा आणि टेबलावर लाकूड, रबर किंवा स्टेनलेसचाच पत्रा टाकावा. वायर ब्रश, कानस, हॅकसॉ ब्लेड आणि ग्राइंडिंग व्हील ही सारी स्टेनलेससाठी स्वतंत्र ठेवावीत. ब्रश स्टेनलेसच्या तारांचा असावा आणि व्हीलवर ‘लोह, गंधक व क्लोरीनमुक्त’ असे छापलेले असावे. एमएसवर एकदा जरी घासलेले व्हील स्टेनलेसवर चालवले, तर ते लोखंड पुसून काढत नाही, उलट रगडून आत बसवते. अवजारांच्या मुठींना निळा रंग मारून ठेवला, तर हेल्परची गफलत होत नाही. पाइप उचलताना उघडी साखळी न वापरता कापडी पट्टा वापरावा आणि एमएसच्या क्लॅम्पखाली पितळ, तांबे यांचे तुकडे न घालता स्टेनलेसचाच पत्रा ठेवावा, कारण तांब्याचा अंश वेल्डलगत राहिला तर तोही भेगा पाडू शकतो.

कापणे, घासणे, पुसणे

गॅस कटिंगने स्टेनलेस नीट कापले जात नाही, हे बहुतेकांना माहीत असते. पातळ कटऑफ व्हील, बँडसॉ किंवा ऑर्बिटल कटर वापरावा. व्हीलने कापताना टोक निळे-काळे पडेपर्यंत दाबू नये. पडलेच, तर तेवढा भाग घासून काढावा. आतल्या कडेची बर (कापताना उरलेली धारदार किनार) काढणे विसरू नये, कारण ती राहिली तर रूटमध्ये, म्हणजे वेल्डच्या अगदी तळाच्या भागात, आर्कला आडवी येते.

साधारण ३ मिलिमीटरपर्यंत भिंत असलेल्या पाइपला व्ही मारण्याची (टोके तिरपी घासून खाच करण्याची) गरज बहुधा पडत नाही. त्यापुढे साडेसदतीस अंशांचा बेव्हल (तिरपी कड), दीड मिलिमीटरपर्यंत रूट फेस (तळाशी न घासता ठेवलेली सरळ कड) आणि दीड ते अडीच मिलिमीटर गॅप हा नेहमीचा हिशेब आहे. दूध डेअरीच्या दीड मिलिमीटरच्या आसपास भिंतीच्या नळ्या मात्र गॅप न ठेवता, टोकाला टोक अगदी चपखल भिडवून, बहुधा वायर न घालताच वितळवून जोडतात. त्या कामात टोक चौकोनी कापलेले नसेल, तर कितीही कसबी हात असला तरी उपयोग नाही.

वेल्डिंगपूर्वी जॉइंटच्या दोन्ही बाजूंना किमान २५ मिलिमीटरपर्यंत, आतून आणि बाहेरून, ॲसिटोन लावलेल्या स्वच्छ पांढऱ्या कापडाने पुसावे. तेल, ग्रीस, मार्करची शाई, स्टिकरचा डिंक किंवा हाताचा घामही वेल्डमध्ये कार्बन सोडतो. क्लोरीनयुक्त डीग्रीझर कधीही वापरू नयेत. आर्कच्या अतिनील किरणांनी त्यांच्या वाफेपासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो, आणि शिल्लक राहिलेले क्लोराइड पुढे स्टेनलेसला छिद्रे पाडते. ॲसिटोन भडकणारे आहे, म्हणून पुसल्यावर कापड झाकणाच्या डब्यात टाकून बाटली दूर नेऊन ठेवल्याशिवाय आर्क मारू नये.

फिट-अप

स्टेनलेसमधून उष्णता एमएसच्या सुमारे एक तृतीयांश वेगानेच वाहते, आणि तापल्यावर ते एमएसच्या जवळजवळ दीडपट प्रसरण पावते. उष्णता एका जागी साचते आणि तिथलाच धातू फुगतो, त्यामुळे जॉइंट ओढला जाण्याचे प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त असते. एमएसच्या लाइनला जिथे तीन टॅक (तुकडे जागी धरणारे छोटे वेल्ड) पुरतात, तिथे स्टेनलेसला जास्त टॅक मारावे लागतात; दोन इंची पाइपला चार टॅक समोरासमोर, म्हणजे घड्याळाच्या बारा-सहा आणि मग तीन-नऊ या क्रमाने मारावेत. प्रत्येक टॅकची दोन्ही टोके घासून निमुळती करावीत, म्हणजे रूट रन त्यात सहज मिसळतो. टॅक मारतानासुद्धा पाइपच्या आतून आर्गन (हवेला दूर ठेवणारा निष्क्रिय वायू) चालू असला पाहिजे. पर्जिंग (पाइपमधील हवा आर्गनने बाहेर काढणे) सुरू करण्याआधी टॅक मारून ठेवायचे आणि मग आर्गन सोडायचा ही पद्धत सर्रास दिसते. तिच्यामुळे तयार जॉइंटमध्ये बरोबर टॅकच्या जागी चार काळे डाग उरतात.

फ्लँज वेल्ड करताना त्याला दुसरा फ्लँज बोल्टने बांधून ठेवावा, नाहीतर फेस वाकडा होऊन गॅस्केट बसत नाही. सॉकेट वेल्ड फिटिंगमध्ये (ज्याच्या खोबणीत पाइप घालून बाहेरून वेल्ड करतात) पाइप तळाला टेकवून मग सुमारे १.६ मिलिमीटर मागे घ्यावा आणि त्यानंतरच टॅक मारावा. तळाला टेकलेला पाइप गरम झाल्यावर पसरतो आणि त्याला जागा न मिळाल्याने कोपऱ्यातल्या फिलेट वेल्डला भेग जाते. डेअरी किंवा औषधाच्या लाइनवर मात्र सॉकेट वेल्ड मुळातच नको, कारण त्या फटीत माल साचतो आणि सीआयपीच्या (लाइन न उघडता आतून धुण्याच्या) कॉस्टिकने व आम्लानेही ती फट धुतली जात नाही.

बॉल व्हॉल्व्ह वेल्ड करायचा असेल, तर आधी त्याच्या टेफ्लॉनच्या सीट काढून घ्याव्यात. युनियनमधील रबरी रिंगाही. टेफ्लॉन २६० अंशांच्या पुढे बिघडू लागते आणि जास्त तापल्यावर त्याचा धूर माणसाला घातक असतो.

आतला आर्गन

मूळ धातू कितीही चांगला असला आणि हात कितीही सफाईदार असला, तरी आतल्या बाजूला आर्गन नसेल तर रूटचा वितळलेला धातू हवेतील ऑक्सिजनच्या थेट संपर्कात येतो आणि तिथे काळी, खरखरीत, फुटलेल्या साखरेच्या खड्यांसारखी खपली तयार होते. वेल्डर त्याला शुगरिंगच म्हणतात. खपलीत ना मजबुती असते, ना गंजरोधकता. तिच्या भेगांत दुधाचा थर, उसाचा रस किंवा रंगाचे मीठ साठते आणि तिथून छिद्र पडायला सुरुवात होते. ‘आर्गन महाग आहे, पाण्याच्या लाइनला कशाला हवा,’ असे म्हणून पर्जिंग टाळणारा ठेकेदार ग्राहकाचा पैसा वाचवत नाही, तो केवळ खर्च पुढे ढकलतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

पर्जिंगचा हिशेब अवघड नाही. दोन इंची, शेड्यूल १० एस (हा भिंतीच्या जाडीचा वर्ग) पाइपचा आतला व्यास सुमारे ५५ मिलिमीटर असतो, म्हणजे त्याच्या एका मीटरमध्ये साधारण २.४ लिटर हवा मावते. आतल्या आकारमानाच्या किमान पाच ते दहापट आर्गन सोडल्याशिवाय हवा पुरेशी बाहेर जात नाही, असा ठोकताळा आहे. दहापट धरले, तर मिनिटाला १० लिटर या वेगाने एक मीटरला सुमारे अडीच मिनिटे लागतात, पण सहा मीटरच्या अख्ख्या पाइपला चौदा मिनिटे लागतात. सहा इंची पाइपच्या एका मीटरमध्ये सुमारे २०.५ लिटर हवा असते, म्हणजे एकाच मीटरला वीस मिनिटे. म्हणूनच जॉइंटच्या दोन्ही बाजूंना दीडशे-दीडशे मिलिमीटरवर अडथळे बसवून तेवढीच जागा भरावी. सहा इंचीलाही मग सहा-सात मिनिटे पुरतात. ७ घनमीटरच्या सिलिंडरमध्ये ७,००० लिटर वायू असतो, हे लक्षात घेतले की एका जॉइंटला लागणारा आर्गन फारसा जड वाटत नाही. काही ठिकाणी वेळ वाचवण्यासाठी आर्गन जोरात सोडतात. त्याने उलटेच होते: वायू आत घुसळला जातो, हवेत मिसळतो आणि हवा बाहेर जायलाच जास्त वेळ लागतो.

अडथळ्यासाठी पाण्यात विरघळणारा कागद मिळतो, तोच उत्तम, कारण वेल्डिंगनंतर लाइन धुतली की तो वाहून जातो. चिंध्या किंवा फोम कोंबू नये. ते काढायचे राहून जातात, आणि मग सुरुवातीला पंपाची गाळणी तुंबते. आर्गन हवेपेक्षा सुमारे १.४ पट जड असल्याने उभ्या पाइपमध्ये तो खालून सोडावा आणि हवा बाहेर जाण्याचे छिद्र वर ठेवावे. ते छिद्र अजिबात ठेवले नाही, तर आत दाब साचतो आणि शेवटचा एक सेंटिमीटर बंद करताना वितळलेला धातू बाहेर उडतो किंवा रूट आतून खोलगट होतो. रूटचा गॅप ॲल्युमिनियमच्या टेपने झाकावा आणि जसजसे वेल्ड पुढे सरकेल तसतशी टेप सोलत जावी.

आत हवा उरली आहे की नाही, हे पाहण्यासाठी छिद्राशी जळती काडी धरण्याची युक्ती अनेक जण वापरतात. ती फसवी आहे. ऑक्सिजन सुमारे सोळा टक्क्यांवर आला की काडी विझते, आणि स्टेनलेसच्या रूटसाठी तो ०.१ टक्क्याच्याही खाली हवा असतो. डेअरी व औषधाच्या कामात तर दहालाखांत पन्नास भागांपर्यंत किंवा त्याहून कमी मागितला जातो. काडी विझली म्हणून आर्क मारणाऱ्याच्या पाइपमध्ये तेव्हाही गरजेच्या शेकडोपट ऑक्सिजन असू शकतो. पर्ज मॉनिटर नावाचे छोटे उपकरण मिळते. नियमित डेअरीचे काम घेणाऱ्याने ते विकत घ्यावे. ते नसेल, तर वेळेचा हिशेब काटेकोर पाळावा आणि त्याच मापाच्या तुकड्यावर एक चाचणी जॉइंट करून तो उभा चिरून पाहावा. आतला रंग चांदीसारखा किंवा फिकट सोनेरी असेल तर पर्जिंग ठीक आहे. गडद निळा किंवा जांभळा असेल तर ते कमी पडले. राखाडी-काळा असेल तर तो जॉइंट कापून टाकावा. रूट झाल्यावर लगेच आर्गन बंद करू नये. निदान दुसरा रन होईपर्यंत, पातळ भिंतीच्या पाइपमध्ये तर जॉइंट थंड होईपर्यंत, तो चालू ठेवावा.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. आर्गन विषारी नाही, त्याला वास नाही, तो दिसत नाही, आणि जड असल्याने खड्ड्यात, टाकीच्या तळाशी किंवा मोठ्या पाइपमध्ये साचून राहतो. ऑक्सिजन पाच-सहा टक्क्यांवर आलेल्या हवेत दोन-चार श्वासांतच माणूस बेशुद्ध पडतो, त्याला गुदमरल्याची जाणीवही होत नाही. मोठ्या पाइपमधून रूट पाहण्यासाठी हेल्परने डोके आत घालणे, साखर कारखान्यातील पॅन (रस आटवण्याचे भांडे) किंवा रसाच्या टाकीत आर्गनचा पाइप सोडून एकट्याने उतरणे, आत पडलेल्याला काढायला दुसऱ्याने तसेच धावत जाणे, हे सारे जीवघेणे आहे. अशा जागी आधी हवा खेळती करून, ऑक्सिजन मीटरवर १९.५ टक्क्यांच्या वर असल्याची खात्री करूनच उतरावे, आणि बाहेर एक माणूस दोर धरून उभा असावा.

प्रत्यक्ष वेल्डिंग

रूटसाठी टिग (टंगस्टनच्या टोकापासून आर्गनच्या आवरणात आर्क काढणे) हीच योग्य पद्धत. डीसी करंट, टंगस्टन ऋण ध्रुवावर, टोक लांबीच्या दिशेने घासून अणकुचीदार केलेले, आणि टॉर्चमधून आर्गन मिनिटाला ८ ते १२ लिटर. लाल टोकाच्या टंगस्टनमध्ये किरणोत्सारी थोरियम असते आणि त्याची घासताना उडणारी धूळ छातीत जाऊ नये, म्हणून सिरियम किंवा लँथॅनमचे टंगस्टन घ्यावे. कामात फरक पडत नाही. वाऱ्याची जपणूक करावी. ताशी आठ किलोमीटरचा वाराही टॉर्चचा आर्गन उडवून नेतो, आणि आपल्या शेडमध्ये मे महिन्यात डोक्यावर फिरणारा पंखा तेवढे काम सहज करतो.

करंट लागेल तितकाच ठेवावा. पावणेतीन मिलिमीटरच्या भिंतीला रूटसाठी साधारण ६० ते ८५ अँपिअर पुरतात, नेमका आकडा गॅप आणि हातावर ठरतो. एमएसला रुंद विणत जाण्याची सवय असलेल्याने स्टेनलेसला ती सोडून सरळ, अरुंद रन द्यावेत. वायरचे तापलेले टोक आर्गनच्या आवरणाबाहेर काढू नये. काढले आणि काळे पडले, तर तेवढे कापून टाकावे. रन संपवताना करंट हळूहळू उतरवावा, कारण झटक्यात तोडलेल्या आर्कच्या खड्ड्यात ताऱ्यासारखी बारीक भेग राहते. त्यानंतर गॅस थांबेपर्यंत, म्हणजे दहा-पंधरा सेकंद, टॉर्च तिथेच धरावी.

दोन रनच्या मध्ये तापमान १५० अंशांच्या खाली येऊ द्यावे. हे हाताच्या अंदाजाने ठरवण्याऐवजी तापमानाची खडू-कांडी किंवा स्पर्शाचा थर्मामीटर वापरावा. चकचकीत स्टेनलेसवर इन्फ्रारेड बंदूक बरेचदा कमी आकडा दाखवते. एमएसला प्रीहीट देण्याची (आधी तापवून घेण्याची) सवय इथे कामाची नाही. पावसाळ्यात दमट झालेला पाइप वाळवण्यापुरता कोमट करण्यास हरकत नाही.

वरचे रन रॉडने (आवरण असलेल्या वेल्डिंगच्या कांडीने) मारायचे असतील, तर पावसाळ्यातील दमट रॉड ही कोल्हापुरातील नित्याची अडचण आहे. उघड्या पाकिटातील रॉडचे आवरण ओल शोषते आणि वेल्डमध्ये सच्छिद्रता येते. पाकिटावर दिलेल्या तापमानाला ते ओव्हनमध्ये भाजून घ्यावेत. आर्क जॉइंटच्या खाचेतच सुरू करावा. शेजारच्या पाइपवर आर्क मारून पाहिल्याचा प्रत्येक डाग हा भावी गंजाचा पत्ता असतो. अर्थिंगचा क्लॅम्प जॉइंटजवळ, स्वच्छ जागी आणि शक्यतो स्टेनलेसचा लावावा. लांब कुठेतरी पंपाच्या बेसला लावला, तर करंट बेअरिंगमधून किंवा फ्लोमीटरमधून वाट काढतो आणि ते निकामी होतात.

धूर

स्टेनलेसच्या वेल्डिंगच्या धुरात हेक्झाव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचे विषारी रूप) आणि निकेल असते. वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग निर्माण करतो, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये निश्चित केले आहे. टिगमध्ये धूर कमी, रॉडमध्ये बराच जास्त. नाकाला रुमाल बांधल्याने या धुरापासून काहीही बचाव होत नाही. धूर जॉइंटजवळून ओढून घेणारा एक्झॉस्ट लावावा, आणि बंदिस्त जागेत किमान पी-१०० दर्जाचा फिल्टर असलेला मास्क वापरावा. एक्झॉस्ट इतका जवळ नको, की तो आर्गनही ओढून नेईल.

वेल्डिंगनंतर

जॉइंटच्या दोन्ही बाजूंना उमटलेला इंद्रधनुषी पट्टा शोभेचा नसतो. त्या रंगाखालच्या धातूत क्रोमियम कमी झालेले असते, म्हणून तो काढलाच पाहिजे. स्टेनलेस ब्रशने घासून बराचसा निघतो. पुरता काढायचा, तर पिकलिंग पेस्ट लावावी लागते. या पेस्टमध्ये नायट्रिक आणि हायड्रोफ्लुओरिक ही आम्ले असतात. त्यातील हायड्रोफ्लुओरिक आम्ल कातडीवर पडल्यावर लगेच झोंबेलच असे नाही, पण ते खोल जाऊन हाडापर्यंत इजा करते आणि रक्तातील कॅल्शियम बिघडवून जीवही घेऊ शकते. त्यामुळे रबरी हातमोजे, चेहऱ्यावर शिल्ड आणि अंगावर एप्रन असल्याशिवाय डबा उघडू नये. अडीच टक्क्यांची कॅल्शियम ग्लुकोनेट जेल शेडमध्ये आधीच आणून ठेवावी. अंगावर उडाल्यास पाण्याने धुऊन ती लावावी आणि दुखत नसले तरी तत्काळ रुग्णालय गाठावे, तिथे आम्लाचे नाव सांगावे. पेस्ट डब्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नये. धुतल्याचे पाणी चुन्याने निष्प्रभ करून मगच त्याची विल्हेवाट नियमाप्रमाणे लावावी. आपल्या गटारी पंचगंगेलाच मिळतात. पिकलिंगनंतर नायट्रिक किंवा सायट्रिक आम्लाने पॅसिव्हेशन केले, तर संरक्षक थर लवकर आणि समान येतो. सायट्रिक आम्ल हाताळायला त्यामानाने बरेच सौम्य आहे, आणि छोट्या शेडसाठी मी तेच सुचवेन.

आतली बाजू पाहण्यासाठी आता मोबाइलला जोडता येणारा छोटा कॅमेरा स्वस्तात मिळतो. प्रत्येक जॉइंट आतून पाहून त्याचा फोटो जॉइंट नंबरसह ठेवावा. ग्राहकानेही तो मागावा. फोटो द्यावा लागणार हे माहीत असले, की पर्जिंग आपोआप सुधारते.

दाबाची चाचणी साधारणपणे डिझाइन दाबाच्या दीडपट पाण्याने घेतात. पाणी कोणते वापरायचे, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात गंभीर आहे, कारण शिरोळसारख्या भागात बोअरचे पाणी खारट लागते. चाचणीच्या पाण्यात क्लोराइड दहालाखांत पन्नास भागांच्या आत असावे, अशी काळजी घेतात. खारे पाणी लाइनमध्ये भरून ठेवले, चाचणी झाल्यावर ते पुरते काढले नाही आणि गळीत हंगाम सुरू व्हायला अजून दोन महिने असले, तर खोलगट भागात साचलेले पाणी आटत जाते, त्यातील मीठ दाट होत जाते, आणि न वापरलेली नवी लाइन हंगामाच्या पहिल्या दिवशी गळते. गरम लाइनवर धोका आणखी वाढतो: साधारण ६० अंशांच्या पुढे क्लोराइड आणि वेल्डमधील ताण मिळून ३०४ ला भेगा पाडतात, आणि रंगकामाच्या मिठाच्या गरम पाण्याच्या लाइनवर हे हमखास घडते. चाचणी होताच सर्व खालचे ड्रेन उघडून पाणी काढावे, तेलविरहित कोरड्या हवेने लाइन फुंकून सुकवावी आणि उघडी टोके प्लास्टिकच्या टोप्यांनी बंद करावीत. सुरुवात करताना पहिले पाणी गाळणीतून जाऊ द्यावे आणि काही तासांनी ती गाळणी उघडून आत कागद, टेप किंवा ग्राइंडिंगचा चुरा अडकला आहे का, ते पाहावे.